सासूबाईंचा नारळ

माझ्या सासूबाई मूळच्या मालवणच्या. सासरे गेल्यानंतर त्या आमच्याकडे सिरसाळ्याला राहावयास आल्या. रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल पाहून मी त्यांचा नारळ बंद केला, मीठ कमी केले. मासळी तर समुद्रापासून इतक्या दूर आपोआपच सुटली. त्यांनी कधी तक्रार केली नाही. जावई, त्यातून डॉक्टर, काय बोलणार?

एके दिवशी त्यांच्या हातातील बांगड्या पार कोपराकडे घसरताना दिसल्या. वजन केले, तर तीन वर्षांत 52 किलोंचे 44 झाले होते. दवाखान्यात प्रत्येक वृद्धाचे वजन नोंदविणाऱ्या मला घरातले हे दिसले नव्हते. आवश्यक त्या तपासण्या केल्या. काही निघाले नाही. त्या जेवतच नव्हत्या, एवढेच.

दिवाळीला कन्या पुण्याहून आली ती बर्फात घातलेली कोळंबी आणि तांदळाच्या शेवयांचे पाकीट घेऊन. थायलंडच्या पद्धतीचे नारळाचे सूप करणार होती. मी कपाळाला आठ्या घातल्या. ती म्हणाली, "बाबा, आजी निदान खाईल तरी."

परसातील गवती चहाच्या काड्या तिने ठेचल्या. थाई स्वयंपाकात सुगंधासाठी वापरतात ती हीच वनस्पती. आले, लसूण आणि एक मिरची यांसह त्या पाण्यात उकळून पाणी गाळून घेतले. त्यात नारळाचा पातळ रस घातला, कोळंबी सोडली. ती दोन-तीन मिनिटांत शिजते. अधिक ठेवल्यास रबरासारखी होते आणि कवळी लावणाऱ्यांचे हाल होतात. दाट रस शेवटी, मंद आचेवर. खळखळून उकळला तर फुटतो. वेगळ्या भिजवलेल्या शेवया, वरून लिंबू. माशांचे खारट सॉस मी घालू दिले नाही. त्याच्या एका मोठ्या चमच्यात दिवसभराच्या मिठाच्या मर्यादेचा निम्म्याहून अधिक भाग जातो.

सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "हे तर आमचे शिरवाळेच की गो!" कोकणात तांदळाच्या उकडीच्या शेवया साच्यातून पाडून गूळ घातलेल्या नारळाच्या रसासह खातात. तिखट शिरवाळे त्यांनी प्रथमच खाल्ले, पण वाटी रिकामी झाली.

नारळातील मेद संपृक्त असतो, हे मी आजही नाकारत नाही. त्यांची कोलेस्टेरॉलची गोळी चालूच आहे. परंतु ऐंशीच्या घरात स्नायू झडणे हा अधिक जवळचा धोका होता. वृद्धांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात. चहा-बिस्किटे आणि दुधात कुस्करलेली भाकरी यांतून ती कोठून मिळणार? 100 ग्रॅम कोळंबीत सुमारे 20 ग्रॅम असतात.

मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कोळंबीचे वावडे असणाऱ्यांनी तिच्या वाटेस जाऊ नये. आणि ज्यांना पाणी पिताना ठसका लागतो, त्यांना पातळ रस्सा व लांब शेवया एकत्र देणे धोक्याचे आहे. इतरांनाही शेवया बोटाच्या पेराएवढ्या तोडून, ताठ बसवून द्याव्यात. जेवल्यावर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये.

कोळंबी येथे नेहमी मिळत नाही. माजलगाव धरणाकडची मरळ मिळाली तर तीच घालतो. तिला काटे कमी. तरीही शिजलेला तुकडा बोटांनी चाचपून पाहिल्याशिवाय सासूबाईंच्या वाटीत पडत नाही.

होळीपर्यंत वजन 46 किलो झाले. हल्ली सूप अळणी लागते, अशी त्यांची रोज तक्रार असते.