साखर गॅसवर आहे!

मैत्रिणींनो, कॅरॅमल कस्टर्ड म्हटलं की आपल्याला हॉटेलच आठवतं. खरं तर लागतं काय? अर्धा लिटर दूध, ३ अंडी, ७ मोठे चमचे साखर आणि घरातला कुकर. ओव्हनचं नावसुद्धा नको!

अवघड आहेत ती पहिली ५ मिनिटं. डब्यात ४ चमचे साखर नि चमचाभर पाणी घालून मंद गॅसवर ठेवा. साखर विरघळते, मधासारखी पिवळी होते, मग कोऱ्या चहासारखी तांबूस. तिथेच गॅस बंद! आधी उतरवली तर नुसती गोड, क्षणभर जास्त झाली तर कडूजहर. आणि नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजते, ‘ह्यां’चा रुमाल सापडत नाही!

मी सांगूनच टाकते, “साखर गॅसवर आहे, ५ मिनिटं हाक मारू नका.” हे निमित्त नव्हे हं, हा पाक उकळत्या पाण्याहून कितीतरी जास्त तापतो, चटका जबर बसतो. आणि गंमत म्हणजे रुमाल आपोआप सापडतो!

पाक तळाशी फिरवून गार करा. कडक झाला तरी घाबरू नका, नंतर तो सुटतो. कोमट दूध, अंडी नि उरलेली साखर फेटून, गाळून वर ओता. झाकण लावून, शिटी न लावता कुकरमध्ये मंद आचेवर २५ मिनिटं वाफवा. पूर्ण गार झाल्यावर ताटलीत उलटा.

पहिला तुकडा आपल्याच बशीत घ्या. एकदा ५ मिनिटं मागता आली, की पुढे अर्धा तासही मागता येतो, बरं का!