मावशीची वही

मुलींनी गाडीवर खायचं नाही, असं १९९४ साली औरंगाबादेत कुणी पाटी लावून सांगितलेलं नव्हतं. पण औरंगपुऱ्यात सकाळी पोह्यांच्या प्लेटा हातात घेऊन फुटपाथभर पोरं उभी असत आणि त्यांत मुलगी एकही दिसत नसे. त्याच वर्षी जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता, आणि जूनमध्ये मी भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावाहून स. भु. महाविद्यालयात बी.ए.ला आले. समर्थनगरात एका घराच्या मागच्या खोलीत आम्ही तिघीजणी राहायचो. डबा लावला होता तो फक्त रात्रीचा, दोन्ही वेळचा परवडण्यासारखा नव्हता. सकाळी चहावर तासाला बसायचं आणि अकरा वाजले की डोकं चढायचं.

पोह्यांच्या मावशीनं मला हेरलं ते बहुधा चेहऱ्यावरूनच. रोज मान खाली घालून गाडीवरून जाणाऱ्या मला तिनं एके दिवशी हाक मारली, "ए लेकरा, असं मागून ये." गाडी आणि भिंत यांच्या मधे तिनं रॉकेलचा रिकामा डबा पालथा घातला होता, त्यावर दुमडलेलं पोतं. रस्त्यावरून कुणाला दिसणार नाही अशी ती जागा. तिथं बसून मी पोहे खाल्ले. वर कांदा, शेव, लिंबाची फोड आणि मिठात घोळवलेली तळलेली हिरवी मिरची. पैसे द्यायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, उद्या दे. उद्या येशील तरी." पुढं तो डबा माझ्यासारख्या आणखी मुलींचा झाला. एक उठली की दुसरी बसायची.

मावशी पहाटे चारला उठायची. जाडे पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवायचे, बटाटे उकडायचे, कांदे चिरायचे. सहाला पंपाचा स्टोव्ह भरभरायला लागायचा. दहाच्या आत पोह्यांची परात रिकामी व्हायची. मग आलुबोंडे आणि भजे. तिच्या गिऱ्हाइकांत कॉलेजची मुलं होती, तसे गुलमंडीवरच्या दुकानांतले नोकर, हमाल आणि रिक्षावालेही होते. दोन-तीन रुपयांत सकाळ निघायची. ज्याच्याकडे तेवढेही नसत त्याच्यासाठी वही होती.

ती वही म्हणजे शाळेची दोनशे पानी. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ज्यानं त्यानं आपली उधारी आपल्याच हातानं लिहायची, असा रिवाज. मला ते पाहून भीतीच वाटली होती. कुणी कमी लिहिलं तर? कुणी लिहिलंच नाही तर? मी तिला तसं म्हटलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मंग तूच लिहीत जा." तेव्हापासून बी.ए. होईपर्यंत रविवारी दुपारी तिचा हिशेब मी लिहिला. नावापुढे आकडे, जमा, बाकी. त्या वहीतून मला मराठवाडा जितका कळला तितका वर्गात कळला नाही. बाकी कधी वाढते, कधी फिटते, हे पिकावर ठरे. कापूस विकूनही चुकारा हाती पडायला उशीर झाला की पोरांच्या नावापुढचे आकडे लांबत जात. माझ्याही नावापुढचे. गावाहून येताना मी घरच्या मिरच्या पिशवी भरून आणायची. मावशी त्या तराजूत टाकून बाजारभावानं माझ्या नावावर जमा धरायला लावायची. फुकट घ्यायची नाही, आणि मला फुकट वाटू द्यायची नाही.

एका परीक्षेनंतर ती म्हणाली, "त्या पैठणकडच्या पोराचं नाव खोड." मोठी बाकी होती. मी थांबले. "नापास झाला. गेला गावाकडं. त्याच्या बापाच्या रानात यंदा काही नाही. खोड." मी एक रेघ मारली. अशा बऱ्याच रेघा त्या वहीत आहेत. त्या रेघांचं नुकसान मावशीनं कशातून भरून काढलं, हे हिशेब लिहीत असूनही मला कधी सापडलं नाही.

माझं दुसरं देणं शहागंजातलं. संध्याकाळी मी तिकडे दोन मुलांना शिकवायला जायची आणि परतताना सिटी चौकाच्या अलीकडे एका नानच्या भट्टीवरून यायची. मुहम्मद बिन तुघलकानं १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा फौजेबरोबर नान-खलिया इकडे आला, असं शहरात सांगतात. आमचं घर माळकरी, त्यामुळे मटणाच्या खलियाचा प्रश्नच नव्हता. पण ती भलीमोठी, पिवळसर चकाकीची, मऊ नान चहाबरोबर खाल्ली की रात्रीचा डबा उशिरा आला तरी चालून जायचं. पहिल्यांदा मी घाबरतच विचारलं, यात काही मांसाहारी नसतं ना? भट्टीवरचे चाचा पीठ थापता थापता थांबले. "नक्को बेटा, कुछ नहीं. आटा, खमीर, नमक. तुम देखो." त्यांनी खरंच मला परातीतलं पीठ दाखवलं. त्यानंतर मी दिसले की ते नान वेगळ्या, कोऱ्या कागदात बांधून द्यायचे. खलियाच्या देगीजवळचा कागद माझ्या नानला लावायचे नाहीत. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरचं व्रत त्यांनी आमच्याइतकंच सांभाळलं. ज्या शहरात पनचक्कीवर दळलेलं पीठ दर्ग्यात उतरणाऱ्या फकीर-प्रवाशांच्या पोटात जात होतं, तिथं हे नवल नसेलही. मला मात्र ते आजही मोठं वाटतं.

१९९५ मध्ये राज्यात एक रुपयात झुणका-भाकर मिळू लागली. बसस्टँडकडे गेले की मीही खाल्ली, आणि त्या भाकरीनं कितीतरी पोटं भरली हे नाकारणार नाही. २०२० मध्ये प्रजासत्ताक दिनी शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. तीही चांगलीच गोष्ट. पण शासनाच्या थाळीला रोख लागते. खिशात रोख नसलेल्या मुलाचं महिनाभराचं खाणं ज्यांनी अंगावर घेतलं, त्या गाडीवाल्या बायका आणि खानावळवाल्या काकू यांचा मराठवाड्याच्या शिक्षणात किती वाटा आहे, हे कुठल्याही महाविद्यालयाच्या स्मरणिकेत मी वाचलेलं नाही. देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या असतात. मावशीचं नाव तिथं असायला हवं होतं, असं मी अगदी मनापासून म्हणते.

शाळेत नोकरी लागल्यावर पहिला पगार घेऊन मी तिच्याकडे गेले. माझी बाकी केव्हाच फिटली होती. तरी मी पाकीट पुढं केलं. तिनं नोटा काढून दोन भाग केले. एक मला परत दिला, दुसरा गल्ल्यात टाकला आणि म्हणाली, "वही काढ. त्या जालन्याच्या पोरीच्या नावावर जमा कर." ती पोरगी शेजारी त्याच पालथ्या डब्यावर बसून खात होती. तिला कळू नये म्हणून मावशीनं आवाज खाली घेतला होता.

पुढं रस्ता रुंद झाला आणि तो कोपरा गेला. गाडी आधी पलीकडच्या गल्लीत सरकली, मग आणखी आत. गिऱ्हाईक तुटलं. इतकी वर्षं आपण इथं उभ्या होतो, हे दाखवायला मावशीकडे एकही कागद नव्हता. तिच्या धंद्याची एकुलती एक लेखी खूण म्हणजे ती वही, आणि तीही माझ्या अक्षरात. कुठल्या कार्यालयात ती चालणार? दोन पावसाळे तिनं काढले आणि गाडी विकली. आता ती नाही.

२०१४ साली पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा आला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हटवता येत नाही, आणि निदान पाच वर्षांतून एकदा सर्वेक्षण झालं पाहिजे, असं त्यात स्पष्ट आहे. २०२० पासून स्वनिधी योजनेत पथविक्रेत्यांना तारणाशिवाय कर्ज मिळतं. सुरुवातीला पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं. मावशीला यातलं काही मिळालं नाही. पण औरंगपुऱ्यात, कॅनॉटला, टीव्ही सेंटरला, उस्मानपुऱ्यात आज गाड्या लावणाऱ्या कित्येक बायकांना ते मिळू शकतं. त्यांची अडचण बहुतेक वेळा अर्जाचीच असते. निवृत्तीला अजून अवकाश आहे, तरी शनिवारी शाळा सुटल्यावर मी हेच करते. अर्ज भरते, आधार कार्डाच्या नकला जोडते, पोच नीट ठेवायला सांगते. लिहिण्याचं काम मला मावशीनंच दिलं होतं.

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जी बाई पोहे किंवा भजे विकते, तिच्याकडे पथविक्रेत्याचं प्रमाणपत्र आहे का, एवढं उद्या सकाळी विचारा. नसेल, तर पेन काढा आणि तिचा अर्ज भरून द्या.