देवाने लावलेला कौल

आमच्या गोव्यात काही ठरवायचे झाले की माणूस देवळात जाऊन प्रसाद लावतो. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडे पडली की देवाचा होकार. लग्न, जमीन, नोकरी... सगळे आपण देवाला विचारतो. पण देवानेच आपल्याला विचारले तर?

हा प्रश्न मला भोपाळमध्ये पडला. भाची तिथे दिलेली. तिच्या घरच्या एका कार्याला गोवा एक्सप्रेसने गेलो होतो. एक सकाळ मोकळी मिळाली तेव्हा रिक्षा करून युनियन कार्बाइडचा बंद कारखाना पाहायला गेलो. लांबच लांब भिंत, आणि समोर मुलाला कवटाळून तोंड झाकलेल्या आईचा पुतळा. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री इथूनच तो विषारी वायू सुटला आणि झोपलेल्या वस्त्यांवर पसरला.

तिथे उभा असताना मला रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला आठवल्या. रशीदा बी पडद्यात वाढलेल्या, लिहिणे-वाचणे बेताचेच. घरातली सहा माणसे त्या वायूने नेली. पोटासाठी गॅसपीडित बायकांच्या सरकारी स्टेशनरी कारखान्यात लागल्या, तिथे १९८६ मध्ये चंपादेवी भेटल्या. एक मुसलमान, एक हिंदू. फायली आणि वह्या बांधणाऱ्या या बायकांनी पगारासाठी आपली संघटना काढली. १९८९ मध्ये त्या सहकारी बायकांना घेऊन पंतप्रधानांना निवेदन द्यायला चालत दिल्लीला निघाल्या. साडेसातशे किलोमीटर! मी हापिसातून बसस्टँडपर्यंत चालायला कंटाळतो. २००२ मध्ये दिल्लीत १९ दिवसांचे उपोषण, २००४ मध्ये गोल्डमन पुरस्कार. त्या पैशांतून चिंगारी ट्रस्ट उभा राहिला. पीडित वस्त्यांतल्या अपंग मुलांवर तिथे विनामूल्य उपचार होतात.

पुढारीपण यांनी मागितले होते थोडेच?

फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या क्रिस्तपुराणामुळे मोयजेस आपल्या मराठीला परका नाही. देवाने हाक मारली तेव्हा तो म्हणाला, माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. देव रागावला, पण सोडले नाही. बोलायला भाऊ आरोन जोडीला दिला. हीच कथा कुराणातही आहे, मूसा आणि हारून यांची. अर्जुन तरी काय, धनुष्य टाकून बसलाच होता की! मला यात एकच गोष्ट जाणवते. देव आधी तयारी करून घेत नाही. आधी हाक येते, बळ वाटेत मिळते, आणि बहुतेक वेळा ते सोबतीच्या माणसाच्या रूपाने मिळते. रशीदा बींना चंपादेवी मिळाल्या, चंपादेवींना रशीदा बी.

आता माझे सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या हापिसात झाडलोट करणाऱ्या रोजंदारीच्या पाच बायकांना अचानक घरी बसवले. त्यांतली एक माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "सायबा, तुमचें अक्षर बरें. एक अर्ज बरोवन दियात." मी 'बघूया' म्हटले. ती आणखी दोनदा आली. वरिष्ठांना कळले तर, ही भीती. पण तिला सांगितले असे, की मला कायद्यातले कळत नाही. एक पानाचा अर्ज! बी.ए. मराठी झालेल्या माणसाने असे सांगावे, आणि वर्षानुवर्षे सरकारी मसुदे खरडणाऱ्याने! चौथ्यांदा ती आली नाही.

भोपाळहून परतल्यावर ती बाजारात भाजी विकताना दिसली. मी तांबडी भाजीच्या दोन जुड्या घेतल्या आणि अर्जाचा विषय काढला. ती हसली. "आतां कितें, सायबा? तें सोंपलें." मग जरा थांबून म्हणाली, जावेचे कागद अडले आहेत, घोव वारला तेव्हापासून.

'बघूया' अगदी ओठांवर आले होते. ते गिळले आणि म्हटले, "आयतारा घेवन यो."