रविवारचा ट्रक

नांदेड-लातूर रस्त्यावर वसलेल्या आमच्या अहमदपूरला ट्रकांचे अप्रूप नाही. तरीही त्यांतला एक माझ्या विशेष ओळखीचा. तो मोंढ्यातील एका व्यापारी कंपनीचा. चालक मात्र आमच्या धर्मग्रामातला, आमच्याच गल्लीत राहणारा. सोमवारी पहाटे पुन्हा भरणीला जायचे, म्हणून शनिवारी रात्री ट्रक शेजारच्या मोकळ्या जागेत उभा राही आणि किल्ली त्याच्या खिशात.

रविवारी मिस्सा आटोपली की तो कधी गावाहून भावाचा कडबा आणी, कधी कोणाच्या विटा. एकदा ओट्यावर बसून त्याने विचारले, "फादर, सुट्टी माझी, डिझेल माझं. मग चूक कुठं आहे?" (हा प्रश्न पापनिवेदनातला नव्हे, असता तर येथे लिहिलाच नसता.) पगार तुटपुंजा आहे, रात्रीच्या फेऱ्यांचा भत्ता मिळत नाही, हेही त्याने ओघात सांगितले.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला हा प्रश्न आम्हांला होता. आपले श्रम पगारापेक्षा अधिक आहेत असे स्वतःच ठरवून नोकराने धन्याच्या मालातून गुपचूप भरपाई करून घ्यावी काय? १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी हे मत निषिद्ध ठरवले. पण त्याच शास्त्रात गृहीत संमतीचीही सोय आहे. विचारले असते तर मालकाने खुशीने होकार दिला असता, अशी प्रामाणिक खात्री असेल तर तो वापर चोरी ठरत नाही. मी त्याला ही दुसरी बाजू तेवढी सांगितली. पहिली सांगणे मला परवडणारे नव्हते. नाताळच्या मांडवाचे बांबू आणि खुर्च्या त्याच ट्रकमधून आल्या होत्या.

पुढे जानेवारीत नांदेडकडील एका सणाला जायचे ठरले. जीपचे भाडे झेपेना. "तुझा ट्रक रिकामाच आहे ना?" हे शब्द माझे. मागच्या हौद्यात ताडपत्री अंथरून चौतीस माणसे बसली, त्यांत अकरा मुले. गाणी म्हणत निघालो. लोह्याच्या अलीकडे मागचे टायर फुटले. ट्रक हेलकावे खात कडेच्या शेतात उतरला आणि थांबला. एका आजीबाईंचे मनगट दुखावले, एवढेच. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. मीही मानले, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते.

लातूरला वकिली करणाऱ्या एका स्नेह्यांना हे सांगितले, तेव्हा ते हसले नाहीत. मालवाहू वाहनात बसवलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले आहे, हे त्यांनी मला सांगितले. मग मालकाचे काय? नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाताना १९६० मध्ये रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीची मोटार झाडावर आदळून तीत बसलेले एक गृहस्थ दगावले. मोटार कंपनीचा व्यवस्थापक चालवत होता, तो कंपनीच्या कामावर होता, आणि गृहस्थांना बसवून घेणाराही तोच. उच्च न्यायालयाने कंपनीला मोकळे सोडले होते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला जबाबदार धरले. आमचा चालक तर सुट्टीवर. म्हणजे एकतर कशाचीच कल्पना नसलेला मालक बुडाला असता, नाहीतर जखमींना रिकाम्या हाताने कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या. डिझेल कोणाचे, हा आमचा सारा हिशेब! संमती गृहीत धरताना मी मालकाचे घरदारच पणाला लावले होते, आणि त्या अकरा मुलांच्या आईबापांनाही काही विचारले नव्हते.

चालकाला घेऊन मी मालकांकडे गेलो. तो यायला तयार नव्हता. "नोकरी जाईल, फादर," म्हणाला. माणसे मी बसवली, तेव्हा बोलणार मी, असे सांगून त्याला नेले.

"कडब्याचं मला ठाऊक आहे," मालक म्हणाले. "हौद्यात पाचोळा सांडलेला दिसतो की." माणसांचे सांगितले तेव्हा मात्र ते काही वेळ गप्प राहिले. मग एवढेच विचारले, "लेकरं किती होती?"

मी आकडा सांगितला.

नोकरी राहिली. किल्ली आता शनिवारी पेढीवर जमा होते. भत्त्यासाठी मी शब्द टाकला आहे, तो अद्याप अधांतरीच आहे. भावाचा कडबा यंदा वेळेवर हलला नाही आणि अवकाळी पावसात भिजला. रविवारी चालक मिस्सेला येतो, नमस्कार करतो आणि ओट्यावर न टेकता गावी जाण्यासाठी एस.टी. स्टँडची वाट धरतो.