परतवारीची धाव



वारी म्हणजे चालणे, असे जग समजते. तुम्हाआम्हाला मात्र ठाऊक आहे की वारीत धावणेही असते. माळशिरस सोडून वेळापूरकडे जाताना धावाबावी माउलीच्या उतारावर दिंड्या पंढरीच्या ओढीने धावत सुटतात. तुकोबारायांना तिथून कळस दिसला आणि ते धावले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. रिंगणातला माउलींचा अश्व तर वर्तमानपत्रांतही छापून येतो. पण त्या अश्वाआधी पताकाधारी धावतात, डोईवर तुळस घेतलेल्या बाया धावतात, हंडेवाल्या धावतात, वीणेकरी धावतात. त्यांची वेळ कोणी घड्याळात बघत नाही. पहिले कोण आले, असे कोणी विचारत नाही.

मी गेली 6 वर्षे दुसऱ्या तऱ्हेचे धावणे धावले. तिथे घड्याळ हाच मालक आणि क्रमांक हीच ओळख. यंदा ते धावणे संपले. संपल्यावर हातात काय उरले, याचा विचार करत होते. आपल्या घरातल्याच माणसांपुढे तो मांडावा, म्हणून हे लिहिते.

माझे गाव फलटण तालुक्यातले. चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण होते तिथून काही कोसांवर. आजी 31 वर्षे तुळस घेऊन वारी करते. मी शाळेत असताना नीरा उजव्या कालव्याच्या भरावावरून धावायला लागले, महाविद्यालयात गेल्यावर शिवाजी विद्यापीठाच्या क्रॉस कंट्रीच्या संघात निवड झाली. पहिल्या वर्षापासून एम. ए. च्या शेवटच्या वर्षापर्यंत पाच वेळा मी विद्यापीठाचा बनियन अंगावर घातला.

क्रॉस कंट्री म्हणजे मैदानातल्या आखलेल्या पट्ट्यावरची शर्यत नव्हे. माळरान, गवत, चढ-उतार, कधी चिखल, अशा जमिनीवरून 10 किलोमीटर धावायचे. पावसाळा सरता सरता आधी विभागीय स्पर्धा होते, मग आंतरविभागीय. तिथून निवड झाली की शिबिर, आणि शिबिरानंतर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. वयाची पंचविशी ओलांडली की ते दार बंद. शिक्षण संपले तर त्याही आधी बंद. त्यामुळे प्रत्येकीचा एक शेवटचा हंगाम ठरलेला असतो आणि तो कोणता, हे तिला आधीपासून माहीत असते.

या शर्यतीचा हिशोब ऐकण्यासारखा आहे. संघात आम्ही सहा जणी. त्यांतल्या पहिल्या चौघींचे क्रमांक घेऊन बेरीज करतात आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो संघ पहिला. एखादी 14वी आली, दुसरी 19वी, तिसरी 23वी आणि चौथी 31वी, तर बेरीज 87. पाचवी आणि सहावी यांचे क्रमांक या बेरजेत येत नाहीत. म्हणून त्यांचा उपयोग नाही असे मात्र नाही. पाचवीने दुसऱ्या संघाच्या चौथीला ओलांडले, तर त्या चौथीचा क्रमांक एकाने खाली जातो आणि त्या संघाची बेरीज एकाने वाढते. म्हणजे पाचवीला स्वतःच्या संघाच्या बेरजेत काही घालता येत नाही, पण समोरच्याच्या बेरजेला धक्का देता येतो. तिचे नाव कुठेच लागत नाही.

दुसऱ्या वर्षी मी संघात पहिली होते. तेव्हा 10 किलोमीटरला मला 39 मिनिटांच्या आसपास लागत. शेवटच्या हंगामात तेच अंतर 41 मिनिटांच्या खाली येईना. पहाटे पाचला उठणे तेच होते. आठवड्यातून एक लांब धाव, एक चढावरची, एक तुकड्यांची, म्हणजे 1000 मीटर जोरात, तीन मिनिटे सावकाश, पुन्हा 1000 मीटर, असे सहा वेळा, तेही तसेच चालू होते. नाचणीची भाकरी, गूळ-शेंगदाणे, मोड आलेली मटकी, रात्री नवाला झोप, कशात काही कमी केले नव्हते. घड्याळ तेवढे हलायला तयार नव्हते. आणि माण तालुक्यातली एक प्रथम वर्षाची मुलगी, जिला मीच बुटाची नाडी न सुटणारी गाठ मारायला शिकवली, ती माझ्या पुढून वाऱ्यासारखी निघून जात होती.

वाचकहो, त्या दिवसांत मनाला काय होत होते ते साध्या शब्दांत सांगते. हरण्याचे दुःख नव्हते. हरण्याची सवय प्रत्येक धावणाऱ्याला असते. दुःख असे होते की, "जी पहिली येते ती मी" एवढीच माझी मला ओळख होती. घरात, गावात, बसस्टँडवरसुद्धा लोक मला तेवढ्यावरच ओळखत. तीच गेली तर आत कोण आहे, ते मला माहीत नव्हते. शिवाय व्यवहारही होता. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण तिथे पदकाचे प्रमाणपत्र लागते, धावलेल्या किलोमीटरचे नाही. वडिलांनी शेळ्या विकून स्पर्धेच्या वर्षाचे बूट घेतले होते. त्या बुटांची किंमत मला पायात जाणवायची.

शिबिरात सरांनी मला बाजूला बोलावले. म्हणाले, "यंदा तू पुढे नको जाऊस. नव्या तिघी सुरुवातीलाच जोर लावतात आणि सातव्या किलोमीटरला बसतात. पहिले पाच किलोमीटर तू त्यांना धरून ठेव. नंतर त्यांना सोड, आणि मग तुझे तू बघ."

म्हणजे पहिला अर्धा भाग माझा नाही. तो तिघींसाठी. रात्री खोलीत पडल्यावर मला रिंगणातल्या हंडेवाल्या बाया आठवल्या. लहानपणी मी आजीचा हात धरून ते बघितले आहे. डोक्यावर पाण्याचा हंडा आणि बाई धावते आहे. तिचे पाय बघा: उंच उडत नाहीत, जमिनीलगत पडतात. मान ताठ, नजर समोर, खांदे सैल. हंडा डुचमळत नाही. पुढे सरांनी आम्हाला धावायचे जे शास्त्र शिकवले, डोके हलवू नका, उड्या मारू नका, ताकद वर नको, पुढे जाऊ द्या, ते सगळे त्या धावण्यात होते. आणि हंड्यातले पाणी तिच्या एकटीसाठी नव्हतेच. वाटेत ज्याला तहान लागेल त्याचे ते पाणी. मी मनाशी म्हटले, पाच किलोमीटर आपण हंडा घेऊन धावायचे आहे. सांडू द्यायचे नाही.

स्पर्धा परराज्यात होती. दोन रात्री रेल्वेत गेल्या. सकाळी गवतावर दव होते. बंदुकीचा बार झाला आणि शे-दीडशे मुली एकदम सुटल्या. सगळ्यांचेच रक्त तापलेले. माझ्या डाव्या-उजव्या हाताला त्या तिघी. माणची पोर दोनदा पुढे सुटायला निघाली, दोनदा मी तिला हाक मारली, "थांब, अजून नाही." पाच किलोमीटरची खूण आली तेव्हा आम्ही पन्नाशीच्या बाहेर होतो. मी म्हटले, "जा." आणि त्या गेल्या. सगळी ताकद शिल्लक ठेवून गेलेल्या मुली कशा धावतात, ते मागून बघण्याचे भाग्य त्या दिवशी मला लाभले. पाच वर्षे मी पुढे होते, त्यामुळे कोणाची पाठ इतकी नीट पाहिलीच नव्हती.

माझे पाय नवव्या किलोमीटरला जड झाले. शेवटच्या चढावर दुसऱ्या एका विद्यापीठाची मुलगी माझ्यापुढे होती. तिला ओलांडून मला पदक मिळणार नव्हते, बेरजेतही मी नव्हते. तरी मी तिला ओलांडले. का, ते तेव्हा सांगता आले नसते. शर्यत संपलेली नव्हती, एवढेच.

आमचा संघ सहावा आला. सहाव्या क्रमांकाची कोणी मिरवणूक काढत नाही. सरांनी कागदावर हिशोब मांडला तेव्हा कळले की सातव्या संघापेक्षा आम्ही एका गुणाने पुढे होतो. मी ओलांडलेली मुलगी त्या सातव्या संघातली चौथी होती. सरांनी कागद माझ्याकडे सरकवला. बोलले काहीच नाहीत.

रात्री आजीला फोन केला. कितवी आलीस, असे आजीने मला कधीच विचारलेले नाही. दिंडीत मुक्कामाला पंगत बसण्याआधी ती एकच प्रश्न विचारते, तोच तिने मला विचारला, "सगळ्या पोचल्या का गं?"

"पोचल्या, आजी. सहाच्या सहा."

"मग झालं."

मी फोन ठेवला आणि खूप वेळ रेल्वेच्या खिडकीपाशी बसून राहिले. दिंडीतले सगळे वारकरी मुक्कामाला पोचल्याशिवाय जेवायचे नाही, हा तिचा नेम. धावण्याच्या शर्यतीला तिने तोच नेम लावला होता. मला 6 वर्षे तो प्रश्न भाबडा वाटत आला होता. त्या रात्री वाटला नाही.

गावी आल्यावर लोक विचारू लागले, "आता काय पळायचं राहिलं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधताना मला आपल्याच जिल्ह्यातल्या ललिता बाबर आठवतात. माण तालुक्यातल्या मोहीच्या. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत त्या धावल्या आणि दहाव्या आल्या. पदक नाही. पण 1984 साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावल्या, त्यानंतर ऑलिंपिकमध्ये धावपट्टीवरच्या अंतिम फेरीत पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. आज माणच्या उजाड माळावर पहाटे ज्या पोरी धावताना दिसतात, त्यांतल्या कोणीही दहावा क्रमांक लहान समजत नाही.

आणि आठवते परतवारी. वाचकहो, आषाढीला जाणारी वारी सगळे बघतात. पौर्णिमेला गोपाळपुरी काला झाला की पालखी परत फिरते, ते किती जण बघतात? जाताना ज्या रस्त्याला अडीच आठवडे लागले, तो दहा-अकरा दिवसांत चालायचा. स्वागताच्या कमानी उतरलेल्या. गर्दी एसटीने घरी गेलेली. थोडी माणसे, लांब मजला, वरून पाऊस. पण पालखी तीच असते आणि पादुकाही त्याच. आजी म्हणते, "जाताना देव बोलावतो म्हणून पाय चालतात. येताना आपले आपण चालायचे असते."

माझे आता तेच चालू आहे. पहाटे पाचला कालव्याच्या भरावावर मी अजून जाते. घड्याळ घरी ठेवते. बरोबर गावातल्या सात मुली असतात. पोलीस भरतीला मुलींना 800 मीटर धावावे लागते, त्याची त्यांची तयारी. मी मागे धावते, म्हणजे कोण दमली ते दिसते. नोकरीचा अर्ज मीही भरला आहे. लागेल की नाही ठाऊक नाही, आणि ती काळजी मनातून गेली आहे असे सांगून तुमच्यापुढे मोठेपणा करणार नाही. रात्री ती येते. पण पहाटे उठायला तिने मला अजून अडवलेले नाही.

तुमच्याही घरी कोणी असेल. गुडघे गेले म्हणून यंदा दिंडीला न निघालेले आजोबा, निवृत्त झालेले गुरुजी, सून आल्यावर स्वयंपाकघरातून बाहेर बसलेली आई. ज्यांचा क्रमांक आता बेरजेत धरत नाहीत, अशी माणसे. त्यांना "आता आराम करा" असे म्हणण्याआधी एवढे बघा की ती अजून कोणाला तरी धरून चालवत आहेत का. आणि तुम्हीच त्या जागी असाल, तर संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर मागे वळून एकदा मोजा. सगळी पोचली असतील, तर मग झाले.