दोन कॅम आणि अंड्यांचा ट्रे

गाडी तापली, काटा लाल रेघेवर गेला, तरी मी ती घरापर्यंत रेटली. हेड गॅस्केट जळालं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या गॅरेजात मी दर शनिवारी काम शिकायला जातो, तिथल्या मामांनी हेड दुरुस्त करून बसवलं आणि म्हणाले, "कॅम तू बसव." इंजिन माझ्याच अल्टो के10चं. 998 सीसी, तीन सिलिंडर, 12 वॉल्व्ह आणि वर दोन कॅमशाफ्ट. एक दांडा हवा-पेट्रोल आत घेणारे वॉल्व्ह दाबतो, दुसरा धूर सोडणारे. माझं ज्ञान इथे संपत होतं.

आधी टॅपेट. वॉल्व्हच्या डोक्यावर बसणारी पोलादी वाटी, पालथी. खोलताना मी त्या अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवल्या होत्या. दिसायला बाराही सारख्या. तेल लावून एकेक जागेवर सोडली. मधेच ट्रे कलला, दोन वाट्या घरंगळल्या. उचलून बसवल्या, आणि मामांना सांगितलं नाही.

मग मामांनी क्रँक थोडा फिरवून घ्यायला लावला. कुठलाही पिस्टन वरच्या टोकाशी नको, नाहीतर कॅमने दाबलेला वॉल्व्ह त्यावर आपटेल. कॅमच्या उंचवट्यांना तेल चोपडून दांडा ठेवला, तर तो तिरकाच! काही उंचवटे खाली वॉल्व्ह दाबत होते आणि स्प्रिंगा त्याला वर ढकलत होत्या. मी दांड्याला वरून धरणारी टोकाची कॅप ठेवून रॅचेटने तिचे बोल्ट आवळत सुटलो. दुसरं टोक बोटभर वर आलं. मामांनी माझं मनगटच धरलं. "मोडशील त्याला! मधून बाहेर, अर्धा-अर्धा आटा." कॅप आणि हेडची भोकं एकत्रच कोरलेली असतात, म्हणून प्रत्येक कॅपवर खूण असते आणि ती आपल्याच जागी, बाणाच्या दिशेनेच बसते. मी दोन उलट्या ठेवल्या होत्या. पुन्हा सगळं सैल करून सुरुवात केली. शेवटचा कस टॉर्क रेंचने द्यायचा, आणि तो इतका हलका की चाकाचे नट आवळायची सवय झालेल्या माझ्या हाताला काही आवळल्यासारखंच वाटेना.

चेन चढवली. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा, म्हणून कॅमच्या चक्रीला दाते दुप्पट. चेनच्या वेगळ्या रंगाच्या कड्या चक्रीवरच्या खुणांशी जुळवल्या, प्लग काढलेलेच होते, आणि पान्याने क्रँक हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवला. कुठे काही अडलं नाही. पण रंगीत कड्या भलतीकडेच गेलेल्या! चेन चुकली म्हणून माझं तोंड कोरडं पडलं. मामांनी चक्र्यांवर बोट ठेवलं. तिथल्या खुणा नेमक्या होत्या. कड्या फक्त बसवण्यापुरत्या. त्या दर दोन फेऱ्यांनी परत येत नाहीत, चक्रीच्या खुणा मात्र आल्याच पाहिजेत.

शेवटी फिलर गेज, म्हणजे कागदासारख्या पातळ पट्ट्यांचा जुडगा. कॅम आणि टॅपेटमधली फट त्याने मोजायची. दहा वॉल्व्ह बरोबर निघाले. अकराव्यात पट्टी शिरेना आणि बाराव्यात ती सैल डुगडुगत होती. टॅपेटची जाडी केसभर वेगवेगळी असते, तिनेच फट ठरते. त्या दोन वाट्या आलटून पालटून बसल्या होत्या.

मी ट्रेची गोष्ट मामांना सांगितली. ते रागावले नाहीत. चेन उतरवायला घेतली आणि मला म्हणाले, "सैल करताना बाहेरून आत." मी पहिल्या बोल्टला पाना लावला.