आईची चाल

ख्रिस्ती उपासनेतल्या गाण्यावर लिहा, पण स्वरतालाच्या तपशिलात फार शिरू नका, असे संपादकांनी बजावले होते. मीही हो म्हटले. पण गेल्या उन्हाळ्यात नालछ्याहून एक फोन आला, आणि तो सांगायचा तर तपशील टाळता येत नाहीत.

नालछा हे धारहून मांडूला जाताना लागणारे गाव. फोन करणाऱ्या मुलाची आजी वारली होती. ती नेवासे तालुक्यातली. साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन माळव्यात गेली. त्या मुलखात १८७७ पासून कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम होते. तिथल्या मंडळ्यांची उपासना हिंदीत चालते, भजनेही हिंदी. आजी रविवारी ती भजने गायची आणि घरी मात्र माहेरून आणलेले ‘उपासना संगीत’ उघडून बसायची. स्मरणार्थ प्रार्थनासभेत तिचे आवडते गीत म्हणावे असे घरच्यांच्या मनात आले. मुलाने पानाचा फोटो पाठवला. पान पिवळे पडलेले, कोपरा हाताळून मऊ झालेला. गीताच्या वर बारीक अक्षरात छापलेले चालीचे नाव पेन्सिलीने खोडलेले, आणि शेजारी बाईमाणसाच्या वळणदार अक्षरात एकच शब्द: ‘आईची’.

“ताई, ही आईची चाल कुठे मिळेल?” त्याने विचारले.

एकतीस वर्षे मी अहिल्यानगरच्या मंडळीत पेटी वाजवते, गायनमंडळ शिकवते. मला उत्तर देता आले नाही.

‘उपासना संगीत’ हे मराठी प्रोटेस्टंट घरात बायबलाशेजारी ठेवायचे पुस्तक. त्या पानावर शब्द होते आणि चालीचे नाव होते. पण चालीचे नाव म्हणजे चाल नव्हे. ज्या गाण्याच्या चालीवर म्हणा असे लिहिलेले असते, ते गाणे म्हणणारी पिढीच गेली की त्या नावाचा अर्थ संपतो. शब्द छापले म्हणून राहिले. चाल मात्र गळ्यात होती, आणि गळे एकेक करून मिटत आहेत.

बाहेरच्या लोकांचा समज वेगळाच असतो. आमची गाणी म्हणजे इंग्रजी गाण्यांची भाषांतरे, असे चांगली शिकलेली माणसेही मला सांगतात. ऐकून वाईट वाटते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, ते ओवीत. नगर भागात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि मृत्यू १९१९ चा. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी मंडळीला अभंग दिले, भजने दिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. आमच्या उपासनेचा गाभा त्यांच्या रचनांचा आहे. त्याला भाषांतर म्हणणे अज्ञान आहे.

भाषांतरेही आहेत, नाही कशी? आणि माझे भांडण त्यांच्या चालींशी आहे. इंग्रजी गाणे आघातावर चालते, मराठी पद्य लघु-गुरूवर. ‘दया’ हा शब्द घ्या. पहिले अक्षर आखूड, दुसरे लांब. इंग्रजी चालीत पहिल्या अक्षरावर जोर येतो आणि स्वर लांबतो, म्हणून मंडळी ‘दाया’ गाते. ‘कृपा’ची ‘क्रूपा’ होते. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही देवाकडे ‘दाया’ मागत आलो आहोत! आता अभंग पाहा. मोठ्या अभंगात अक्षरे सहा, सहा, सहा आणि चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते, चौथा दोन अक्षरांनी तोकडा राहतो. त्या मोकळ्या जागेत गाणारा श्वास घेतो आणि टाळ ऐकू येतो. कॉयरवाल्यांना ती जागा रिकामी वाटते. मग ते शेवटचे अक्षर ताणून ती भरून काढतात, आणि अभंगाचा श्वासच कोंडतो.

हे बोलले की मंडळीतले काही जण म्हणतात, टाळ-मृदंग आपले नाहीत, पेटी आपली. त्यांच्या मनात पूर्वजांनी सोसलेल्या बहिष्काराची आठवण असते. ती मी हलकी मानत नाही. पण हार्मोनियम पॅरिसचे. आलेक्सांद्र दबँ यांनी ते १८४०च्या सुमारास घडवले. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, दोन पट्ट्यांमधला स्वर तिच्यात नाही, मींड नाही. याच कारणाने १९४० ते १९७१ आकाशवाणीवर तिला मज्जाव होता. टाळ मात्र याच मातीतले. ज्या आजोबांनी बाप्तिस्म्यानंतरही टाळ खाली ठेवला नाही, त्यांची श्रद्धा कुणापेक्षा उणी नव्हती.

आता माझा दोष सांगते. वीस वर्षांपूर्वी गायनमंडळासाठी मी साठेक गीतांची स्वरलिपी केली. एका गीताच्या तीन गावांत तीन चाली असत. त्यांतली पेटीवर नीट बसणारी मी निवडली आणि उरलेल्या दोन सोडल्या. टिपूनसुद्धा ठेवल्या नाहीत. मुले एका सुरात गाऊ लागली, लोकांनी कौतुक केले, मलाही अभिमान वाटला. नालछ्याचे पान पाहिले त्या रात्री मला झोप आली नाही. त्या सोडलेल्या चालींत कुणाच्या आईची चाल होती?

पावसाआधी नेवाशाला गेले. हा ज्ञानेश्वरीचा मुलूख, इथल्या बायकांनी शतकानुशतके जात्यावर ओव्या म्हटल्या. आजीची आईही दळतच गात असणार, ओवीच्या वळणावर त्या गीताचे शब्द घालून. तिथे नव्वदीच्या घरातल्या एक बाई भेटल्या. त्यांना ऐकू कमी येते. मी गीताचे शब्द मोठ्याने वाचले, तशी त्यांची मान हलू लागली, उजवा हात मांडीवर जात्याचा खुंटा धरल्यासारखा फिरू लागला. दोन चरण गायल्या. तिसऱ्या चरणाला स्वर खाली उतरत होता, कोमल गांधाराच्याही किंचित खाली, माझ्या पेटीच्या कुठल्याच पट्टीवर नसलेल्या जागी. तिथे त्या थांबल्या. “पुढचं गेलं गं बाई,” म्हणाल्या आणि हात थांबला.

हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आमच्या मंडळ्यांना स्वतःच्या आजींचे गाणे एवढ्या निष्ठेने जपता आले नाही, याची मला लाज वाटते. रविवारी पडद्यावर शब्द झळकतात, गिटार आहे, ड्रम आहे. तरुण मुले मनापासून गातात, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या खिशात फोन आहेत, तेच आता हवे आहेत.

नालछ्याच्या मुलाला मी ते दोन चरण पाठवले. सभेत त्यांनी तेवढेच गायले आणि उरलेले गीत नुसते वाचले.

वाचकहो, तुमच्या घरात ‘उपासना संगीत’मधून गाणारे कुणी वडीलधारे असेल, तर नाताळची वाट पाहू नका. पेटी बाजूला ठेवा, त्यांना त्यांच्या पट्टीत गाऊ द्या, चुकले तरी मधे थांबवू नका, आणि फोनवर ध्वनिमुद्रण करून गावाचे नाव सांगून ठेवा. एका गीताच्या चार चाली निघाल्या तर चारही जपा. आणि नेवासे भागातल्या कुणाला जात्याच्या वळणाने जाणारी, तिसऱ्या चरणाला खाली उतरणारी चाल पुरी येत असेल, तर त्यांनी या अंकाच्या संपादकांना कळवावे. मी येईन.